लेखणी आणि कोयता

महोत्सव मंडळाने ह्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे जो लेख मागितला त्याचा विषय मंडळानेच ठरवून दिला होता : 'शिक्षणाने झालेली आपल्या समाजाची उन्नती'. विषय मंगल प्रसंगास शोभेल असाच आहे, आणि त्यावर लिहिण्यास सामग्रीही थोडी नाही. ज्या घरांतील आज्यांनी आपल्या नोंदवहीत अंगठे उठविले त्याच घरांतील नाती आज रुग्णालयांत परिचारिका आहेत, शाळांत शिक्षिका आहेत, कोणी कचेरीत खुर्चीवर बसतात. परमेश्वराच्या कृपेने हे घडले, आणि त्याबद्दल महोत्सवाच्या मिस्साबलिदानात आपण सर्वांनी उपकारस्तुती केलीच आहे. तथापि इतिहास लिहावयास बसलेल्याचे केवळ उपकारस्तुतीने भागत नाही. दिवाळी सरली की आपल्या ख्रिस्तमंदिरातील कितीतरी जागा रिकाम्या होतात, माणसे बायकापोरांसह बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीस जातात, जमले तर होळीस दोन दिवस तोंड दाखवितात, आणि आखाजीच्या आगेमागे परत येतात. हीही आपल्या इतिहासातलीच गोष्ट होय. ह्या जाणाऱ्यांत सातवी-आठवी झालेले पुष्कळ, दहावी झालेले काही, आणि एखादा पदवीधरही असतो. यास्तव मंडळाच्या अनुमतीने आम्ही विषयास थोडे निराळे वळण देतो, आणि विचारतो की, शिक्षण दारिद्र्यास जिंकते काय; आणि जेथे जिंकीत नाही, तेथे ते कशास अडते?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भूमीच्या पूर्ववृत्तात शोधणे बरे. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून निराळा झाला. तत्पूर्वी १९०६ पासून हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडे, आणि त्याच्याही आधी सबंध खानदेशात. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला, त्या वेळी सातपुड्यातील भिल्लांनी त्या सरकारास बराच काळ स्वस्थता लाभू दिली नाही. बंदुकीने काम भागेना, तेव्हा १८२५ साली धरणगाव येथे औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, आणि दुसरीकडे भिल्ल एजंट नेमून लोकांस तगाई, बियाणे व बैल देऊन शेतीवर बसविण्याचा उद्योग आरंभिला. भिल्लाच्या हाती नांगर आला. परंतु पुढे जमिनीची मोजणी झाली, सारा रोकड द्यावा लागू लागला, आणि जमीन ही गहाण टाकता येण्याजोगी व विकता येण्याजोगी वस्तू झाली. तापीकाठची काळी माती कापसास उत्तम. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापी खोऱ्यातील लोहमार्ग आला, कापसाचा बाजार जवळ आला, आणि मातीचे मोल चढले. ज्यास सारा भरावयास रोकड नाही तो सावकाराकडे गेला. सावकाराने कागद केला, भिल्लाने अंगठा दिला. कागदात काय लिहिले आहे हे एकासच ठाऊक, आणि कचेरीत मानला जावयाचा तो कागदच! ह्यात कोणा एका ज्ञातीस दूषण द्यावे असा आमचा हेतू नाही. जेथे एकास अक्षर येते व दुसऱ्यास येत नाही, आणि दोघांत व्यवहार चालतो, तेथे बहुधा असेच घडत आले आहे.

तेव्हा अक्षरशत्रुत्वाने माणूस दरिद्री होतो, ह्यात संशय नाही. ज्योतिराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात हेच सांगितले होते : सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि विद्येवरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरी पडतो. प्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत न्यावे, आणि त्यात शेतीचे काही प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांचे मागणे होते. ह्या दुसऱ्या मागणीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. विद्या आणि नांगर ह्यांची फारकत होऊ नये हे त्या पुरुषास शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी दिसले होते.

आता सालदारीकडे येऊ, कारण आपल्या धर्मग्रामातील वडील पिढीपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी साल काढलेले आहे. आखाजीच्या दिवशी करार होई. वर्षभराचा मोबदला काही रोकड, काही धान्य असा ठरे. त्यातील बराचसा भाग लग्नाकार्यासाठी वा आजारासाठी आधीच उचललेला असे. पहाटे गोठ्यापासून रात्री राखणीपर्यंत काम. खाडा झाला तर त्याची कापणी. सालदाराच्या बायकोने शेणगोठा आवरावा तो बिनमोल. वर्ष सरताना हिशेब होई, आणि हिशेबात बाकी निघे ती सालदाराच्याच अंगावर. मग पुढच्या आखाजीस पुनः तोच धनी. ह्या घरातील सात वर्षांचा मुलगा शाळेत का जात नाही हे विचारण्यासाठी शाळा-तपासनिसाने दूर जाण्याचे कारण नव्हते. तो धन्याची गुरे वळीत होता. शाळा गावात होती, शिक्षकही होता, फी नव्हती. परंतु मुलाचा दिवस त्याच्या बापाने आधीच विकलेला होता.

१९३७ साली मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ आले, आणि सायमिंग्टन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे आदिवासी मुलखाच्या चौकशीचे काम सोपविण्यात आले. त्यांच्या अहवालात सावकारी, जमिनींचे हस्तांतर आणि कर्जापायी करावी लागणारी वेठ ह्यांची जी हकीकत आहे ती वाचून आजही मन विषण्ण होते. त्याच सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराज ह्यांच्या आरतीस डोंगरातून व मैदानातून लोकांच्या झुंडी लोटू लागल्या. महाराजांचा उपदेश साधा होता : दारू सोडा, स्नान करा, स्वच्छ राहा, कष्ट करा. १९३८ साली महाराज निवर्तले, तरी त्यांचा पंथ राहिला. आम्ही निराळ्या धर्माचे उपाध्ये आहो. तथापि ज्या माणसास बाजारात कोणी अरेतुरेवाचून हाक मारीत नसे त्याची मान ह्या चळवळीने वर केली, हे सत्य लिहिण्यास आम्हांस कोणता संकोच असावा? मात्र दारू सुटली, अंग धुतले गेले, म्हणून गेलेली जमीन परत आली नाही.

जमिनीची गोष्ट निघाली ती १९७१ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यात शहादे तालुक्यात पाटीलवाडी येथे धान्यावरून तंटा पेटला, गोळी चालली, आणि आदिवासीचे रक्त सांडले. ह्या प्रसंगाने सारा मुलूख हादरला. अंबरसिंग सुरतवंती ह्या पाडळदे गावच्या भिल्ल तरुणाने, ज्यांस लोक अंबरसिंग महाराज म्हणत, सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांसह गावोगाव फिरून माणसे जागी केली. ते भजने गात, आणि त्यांस लिहितावाचताही येत असे. ह्या दोन्ही गोष्टी त्या कामास सारख्याच उपयोगी पडल्या असे आम्ही मानतो. १९७२ च्या जानेवारीत शहादे येथे भूमुक्तीचा मेळावा भरला. गेलेल्या जमिनींचे दप्तर तपासा, अशी मागणी झाली. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. तीत शहरांतून आलेली शिकलेली मुलेमुलीही होती. चांगली पदवी हाती असून त्यांनी सालदारांच्या झोपड्यांत मुक्काम केला. सालदाराचा मोबदला वाढावा, कामाचे तास ठरावे, सुटीचा दिवस असावा, ह्या मागण्या आज वाचताना फारच लहान वाटतात. त्या काळी त्या मागण्यांनी वाड्यावाड्यांत खळबळ उडविली! लवकरच बायका उठल्या, आणि दारूची मडकी फोडीत गावोगाव निघाल्या. त्यांपैकी बहुतेकींस अक्षरओळख नव्हती.

ह्या दोन-तीन वर्षांत जे घडले त्याचा परिणाम कायद्यापर्यंत पोहोचला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ सालचा. १ एप्रिल १९५७ नंतर व ६ जुलै १९७४ पूर्वी बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याखाली येतात. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा १९७६ सालचा. कायदा झाला म्हणजे अन्याय संपला असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही, आणि वाचकही नसतील. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. सालदाराची मजुरी वाढली ती त्याने परीक्षा दिली म्हणून वाढली नाही. तो चौघांबरोबर उभा राहिला, म्हणून वाढली. आणि तरीही, त्या चौघांत एकास सातबारा वाचता येत नसता तर उभे कोठे राहावयाचे हेच कोणास कळले नसते. शिक्षणाचे जे खरे सामर्थ्य आहे ते आम्हांस ह्या ठिकाणी दिसते. एकट्या मुलास वाड्यातून उचलून शहरात नेऊन ठेवणारे शिक्षण त्या मुलाचे कल्याण करते, आणि ते आम्हांस हवेच आहे. परंतु वाड्याचे दारिद्र्य त्याने हटत नाही. वाड्यातच राहून वाड्याचा कागद वाचणारे शिक्षण दुर्मीळ, आणि त्यास पारितोषिक समारंभ नसतो.

त्याच काळात, १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात, रोजगार हमीची योजना महाराष्ट्रभर पसरली. वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे केला होता. तिचा कायदा १९७७ सालचा, व अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. खडी फोडणे, माती उपसणे, बांध घालणे. ज्या कामास समाज सर्वांत हलके मानतो तेच काम मागण्याचा माणसास हक्क आहे, आणि पुरुषास व बाईस त्याचा दर एक आहे, असे ह्या योजनेने ठरविले. काम मागणाऱ्यास तू किती शिकलास असे कोणी विचारीत नसे.

आता आपल्या काळाकडे वळू. २०११ च्या खानेसुमारीत आपल्या जिल्ह्यातील साक्षरता शंभरांत सुमारे ६४ भरली. साऱ्या महाराष्ट्राची सुमारे ८२. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी समारंभाने देण्यात आले, हे वाचकांस स्मरतच असेल. क्रमांक मिळण्यात आपण देशात पहिले ठरलो. पुढे २०२१ साली नीति आयोगाने, २०१५-१६ च्या पाहणीवरून, जिल्ह्याजिल्ह्यांचे दारिद्र्य मोजले, तेव्हा ह्या जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे ५२ माणसे दरिद्री ठरली. महाराष्ट्रात ह्याहून अधिक प्रमाण कोठेच नव्हते.

शाळा वाढल्या, आश्रमशाळा झाल्या, वसतिगृहे झाली, आणि तरी असे का, ह्याची कारणे पुष्कळ. मावची, पावरी वा भिलोरी बोलणाऱ्या मुलापुढे पहिल्याच दिवशी जी मराठी येते ती त्यास परकी असते, हे एक. ऊसतोडीच्या हंगामात मुलाचे सहा महिने फडावर जातात, हे दुसरे. परंतु ज्या कारणाविषयी फारसे बोलले जात नाही त्याविषयीच आम्हांस येथे अधिक लिहावयाचे आहे. आपल्या शाळांनी मुलास अक्षर दिले आणि त्याबरोबरच हाताच्या कामाची लाजही दिली. "शिकला नाहीस तर कोयता हाती येईल" ही धमकी आमच्या कानांवर इतक्या वेळा आली आहे, आणि ती देणाऱ्यांत शिक्षक, आईबाप व उपदेशक असे सगळेच असतात. ज्या मुलाची आई त्याच क्षणी कोयता घेऊन फडावर आहे त्याने ह्या वाक्याचा अर्थ काय घ्यावा? एकेकाळी डी. एड. होऊन गुरुजी होण्याची लाट आली. घरची दुभती जनावरे विकून मुले शिकली. २०१२ नंतर कित्येक वर्षे शिक्षकांची भरती जवळजवळ थांबली, आणि ती मुले घरी बसली. शेतात जाण्यास त्यांचे मन घेईना, आणि गाव त्यांस जाऊ देईना. शेताच्या बांधावर त्यांस पाहून लोक हसत. शिक्षणाने दारिद्र्य हटले नाही, उलट त्यावर अपमानाची भर पडली.

वास्तविक ऊस तोडणे हे काय अडाण्याचे काम आहे? ज्याने फड पाहिला आहे तो असे म्हणणार नाही. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडखा राहिला तर मालकाचे नुकसान आणि मुकादमाची बोलणी. एका हाताने ऊस वाकवून दुसऱ्या हाताने पाचट साफ करावयाचे, शेंडा छाटून वाढे निराळे ठेवावयाचे, आणि उसाच्याच पात्याने मोळी अशी बांधावयाची की ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना सुटू नये. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत दव पडलेल्या पाल्याने हात चिरतात. नंदुरबारच्या मिरचीचेही तसेच. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली दुरून मोठी शोभिवंत दिसते. देठ खुडणाऱ्या बाईच्या बोटांची आग रात्री झोपू देत नाही. सरकारी भाषेत ह्या कामास 'अकुशल' म्हणतात. ज्या कोणी हा शब्द योजिला त्याने एक मोळी बांधून पाहिली नसावी.

हा आपल्याच देशाचा दोष आहे असेही नाही, तथापि आपल्या देशात तो जातीने पक्का केला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची वाटणी नसून श्रमिकांची वाटणी आहे, आणि त्या वाटणीत पायरी पायरीने उच्चनीचता भरलेली आहे. पवित्र शास्त्रातही हा प्रश्न येतो. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वाचकांनी घरी अवश्य काढून पाहावा. त्यात नांगऱ्या आहे, भट्टीच्या धगीत उभा असलेला लोहार आहे, पायाने चाक फिरविणारा कुंभार आहे. ह्यांच्यावाचून नगर वसत नाही, तरी नगराच्या सभेत ह्यांस कोणी बोलावीत नाही, असे तो ग्रंथकार मोठ्या सरळपणे नमूद करतो. शेवटी तोही शास्त्र्यासच वरचढ मानतो, हे लपविण्यात अर्थ नाही; परंतु कारागिराचे काम हीच त्याची प्रार्थना आहे अशा आशयाचे बोल त्याच्याच लेखणीतून उतरले. पुढे प्रत्यक्ष प्रभू सुताराच्या घरी वाढला, संत पौल करिंथ शहरी तंबू शिवीत राहिला, आणि सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी मठाच्या नियमांत हाताच्या कामास प्रार्थनेच्या शेजारी स्थान दिले. रोमन साम्राज्यात जे काम गुलामांचे, ते मठवासी संन्यासी करू लागले.

मजुरीविषयी ख्रिस्तसभेची शिकवण पोप महाशय तेरावे लिओ ह्यांनी १५ मे १८९१ च्या परिपत्रकात स्पष्ट केली. धनी आणि मजूर ह्यांनी संमतीने दर ठरविला एवढ्यानेच तो न्याय्य होत नाही. गरजेपोटी मजुराने कमी दर पत्करला तर ती त्याच्यावर झालेली बळजोरी होय, असा त्यांचा निर्णय आहे. आखाजीच्या करारास आणि मुकादमाच्या उचलीस हा निर्णय तंतोतंत लागू पडतो. (योगायोग असा की आपला नाशिक धर्मप्रांतही १५ मे ह्याच दिवशी, १९८७ साली, स्थापन झाला.) दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली ह्याच्याही पुढे जाऊन शिकविले की कामाची प्रतिष्ठा त्या कामाच्या प्रकारावर अवलंबून नाही, ते काम करणारी व्यक्ती आहे, ह्यावर आहे.

शिक्षण आणि श्रम एकत्र नांदू शकतात ह्याचा दाखला आपल्या महाराष्ट्रात आहे. भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवीत, आणि स्वतः राबून शिकत. त्या वसतिगृहात फावडे ही शिक्षा नव्हती. आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी, धरणात गावे बुडत असता, लोकांनी ज्या जीवनशाळा उभारल्या त्यांतही मुलाच्या बोलीस आणि डोंगरातील कामास वर्गात जागा मिळाली. असे प्रयोग थोडे, ही खंत आहे.

हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने आम्ही धर्मग्रामाचे जुने दप्तर पुनः चाळले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 'बापाचा धंदा' असा एक रकाना आहे, आणि पानेच्या पाने त्यात 'मजूर' एवढाच शब्द आहे. कोणता मजूर, कशात निष्णात, ह्याचा काही पत्ता नाही. आईच्या धंद्यास तर रकानाच नाही. परंतु त्याच कपाटात ख्रिस्तमंदिराच्या बांधकामाचा हजेरीपट सापडला. आमच्या एका पूर्वसूरीने तो स्वहस्ते ठेविला आहे. पाया खणणारे, नदीवरून रेती आणणारे, चुना-सिमेंट कालविणारे, पाण्याच्या हंड्यांच्या खेपा करणाऱ्या बायका, अशी सर्वांची नावे गावासह त्यात आहेत. गवंड्यास एक दर, पुरुषास त्याहून कमी, आणि बाईस त्याहूनही कमी. देवाच्या घराच्या बांधणीतही हा भेद होता, तो वाचकांनी पाहून ठेवावा. पुष्कळ नावांपुढे अंगठा आहे. काही ठिकाणी शाई फाकली आहे, तरी नावे लागतात.

ह्या स्मरणिकेच्या अखेरीस धर्मग्रामातील पदवीधरांची यादी छापावयाची असे मंडळाने आधीच ठरविले होते, आणि ती यादी तेथे आहेच. आमच्या विनंतीवरून मंडळाने हजेरीपटातील नावेही छापण्याचे मान्य केले आहे. दोन्ही याद्यांस अक्षराचा आकार एकच ठेवावा असे मुद्रकास कळविले आहे. हजेरीपटातील ज्या तीन-चार नावांचे गाव लागत नाही त्यांच्या नातलगांनी मिस्सा झाल्यावर दप्तरात येऊन ती ओळखून द्यावी.